एका आवाजासाठी किती भाषा?

वसईकराचे एका भाषेवर भागत नाही, हे आपल्या कॉलेजात कुणाला वेगळे सांगायला नको. घरी सामवेदी, वाडवळी, मांगेली किंवा आगरी; वर्गात प्रमाण मराठी; स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याशी हिंदी; काही दुकानांत अजून गुजराती. कुठे कोणती भाषा काढायची हे आपल्याला कुणी शिकवलेले नसते, तरी चुकत नाही. संगणकाविषयी मात्र आपली अशी समजूत असते की, 'संगणकाची भाषा' म्हणून काही एक असते आणि ती शिकली की झाले. प्रत्यक्षात अशा भाषा शेकड्यांनी आहेत, आणि आवाजावर काम करणाऱ्या एकाच आज्ञावलीत दोन, तीन, कधी चार भाषा एकत्र नांदत असतात. त्यांची गाठ जिथे पडते त्या जागेला मी या लेखात 'सांधा' म्हणणार आहे. आज्ञावली झपाट्याने चालेल की रखडेल, हे पुष्कळ वेळा भाषेपेक्षा या सांध्यावर ठरते.

कला शाखेच्या मुलीने हा विषय कशाला घ्यावा, असे मैत्रिणींनीही विचारले. कारण अगदी घरगुती आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आईवडील वाडीत केळी आणि भाजी करतात; आजीला सही करता येते, वाचता येत नाही. पण हळदीपासून वरातीपर्यंतची वाडवळी लग्नगीते तिला मुखोद्गत आहेत. मराठीच्या प्रकल्पासाठी ती मी लिहून काढायला घेतली. शब्द लिहिता आले. चाल लिहिता येईना. पेटी वाजवणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी मोठ्या आपुलकीने स्वरलिपी करून दिली. ती पेटीवर वाजवली की गाणे ओळखू येते, परंतु आजीचे वाटत नाही. पेटीला एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर उडीच घ्यावी लागते. आजी घसरत जाते. ते घसरणे कागदावर आणायचे कसे? आता तिचा दम पुरत नाही, आवाज फुटतो. तेव्हा काकाच्या लग्नात मांडवात भरलेली एक जुनी ध्वनिफीत एवढेच साधन हाती होते. त्या फितीतून चालीची रेषा काढायची, म्हणजे क्षणाक्षणाला आवाज किती उंचीवर आहे याचा आलेख काढायचा, या खटपटीत हा विषय मला भेटला.

आधी आवाजाचे संगणकात काय होते ते पाहू. हवेच्या दाबातला चढउतार मायक्रोफोन विजेच्या चढउतारात बदलतो. त्या विजेचे माप ठरावीक अंतराने घेऊन संगणक आकड्यांत लिहून ठेवतो. कॉम्पॅक्ट डिस्कसाठी ठरलेले प्रमाण सेकंदाला ४४,१०० मापांचे आहे. माणसाच्या कानाला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंतचे कंपन ऐकू येते, आणि एखादे कंपन पकडायचे तर त्याच्या दुपटीहून अधिक वेगाने मापे घ्यावी लागतात, म्हणून हा आकडा. या हिशेबाने आजीच्या तीन मिनिटांच्या गाण्याचे ७९,३८,००० आकडे होतात. संगणकाच्या लेखी गाणे म्हणजे ही लांबलचक यादी. तीत ना शब्द, ना सूर.

यादीतून सूर शोधण्याची एक जुनी युक्ती अशी. आवाजाचा ४० सहस्रांश सेकंदाचा तुकडा घ्यायचा. गळ्यातून स्वर निघत असेल तर त्या तुकड्यात एकच लाट पुन्हा पुन्हा आलेली असते. तुकड्याची प्रत काढून ती मूळ तुकड्यावर ठेवायची आणि एकेक घर पुढे सरकवत जायचे. जिथे लाटेवर लाट पुन्हा नेमकी बसेल, तितक्या घरांचे अंतर म्हणजे एका कंपनाचा काळ. समजा, २१० घरे सरकवल्यावर जुळले, तर ४४,१०० भागिले २१०, म्हणजे स्वर २१० हर्ट्झचा. (२१०चा वर्ग ४४,१०० येतो हा केवळ योगायोग, पण आजीचा आधारस्वर गाण्याच्या सुरुवातीला खरोखरच त्याच्या आसपास आहे, त्यामुळे मला तो लक्षात राहिला.) जुळले की नाही हे पाहण्यासाठी समोरासमोरच्या आकड्यांचे गुणाकार करून त्यांची बेरीज घेतात; बेरीज जितकी मोठी तितकी जुळणी चांगली. या रीतीला ऑटोकोरिलेशन म्हणतात.

रीत सोपी आहे, हमाली अफाट आहे. एका तुकड्यात १,७६४ आकडे. ७५ ते ५०० हर्ट्झ एवढा पट्टा तपासायचा तर सुमारे ५०० वेळा सरकवून पाहावे लागते. म्हणजे एका तुकड्याला ८,८२,००० गुणाकार. असे तुकडे सेकंदाला १०० घेतले तर सेकंदाच्या गाण्याला जवळजवळ ९ कोटी, आणि तीन मिनिटांच्या गाण्याला सुमारे १,६०० कोटी गुणाकार.

इथे भाषेचा प्रश्न उभा राहतो. मला थोडीफार येते ती पायथन. ही भाषा गिडो व्हॅन रॉसम या डच गृहस्थांनी ॲम्स्टरडॅमच्या गणित-संगणक संस्थेत रचली आणि १९९१ मध्ये बाहेर आणली. ती वाचायला सुबोध, चुका पोटात घालणारी, नवशिक्याला जवळ करणारी आहे. पण तिची चाल सावकाश. प्रत्येक गुणाकाराच्या वेळी ती नव्याने चौकशी करते: ही वस्तू आकडा आहे का, असेल तर पूर्णांक की अपूर्णांक, ठेवली आहे कुठे, हिच्या गुणाकाराचा नियम कोणता? एवढी विचारपूस करून साध्या संगणकावर सेकंदाला एक-दोन कोटी गुणाकार पार पडतात. आमचे १,६०० कोटी म्हणजे पाव तास ते अर्धा तास. उलट, डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत घडवलेली सी, किंवा तिच्यातून वाढलेली सी प्लस प्लस, ही सगळी चौकशी आज्ञावली चालू होण्यापूर्वीच उरकून घेते. आकडे एकाला एक लागून ठेवलेले, त्यांचा प्रकार आधीच ठरलेला. आयत्या वेळी फक्त गुणाकार. तेच काम मग पाव मिनिटाच्या आसपास येते. त्यात १९६५ साली कूली आणि ट्यूकी यांनी प्रसिद्ध केलेल्या 'फास्ट फूरिए ट्रान्सफॉर्म' या रीतीने गुणाकारांची संख्याच घटवली, तर काम डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते.

मग सगळेच सी प्लस प्लसमध्ये का लिहू नये? लिहितातही, पण ते माझ्यासारखीचे काम नव्हे. तिथे स्मरणातली प्रत्येक जागा आपण मागायची, आपणच परत करायची. यादीच्या शेवटच्या घरापलीकडे पाऊल पडले तर आज्ञावली कोसळते, किंवा त्याहून वाईट म्हणजे न कोसळता चुकीचे उत्तर देते. शिवाय माझा प्रश्न दर पाच मिनिटांनी बदलत होता. आधी पूर्ण गाण्याची रेषा हवी होती; ती पाहिल्यावर केवळ ओळींचे शेवट हवेसे वाटले; मग दोन कडव्यांतला एकच शब्द शेजारी शेजारी. प्रश्न असा पळत असताना भाषा हलकी लागते. तेव्हा कामाची वाटणी उघड आहे: जे अवजड पण कधी न बदलणारे, ते सी प्लस प्लसकडे, जे हलके पण सतत बदलणारे, ते पायथनकडे.

ही वाटणी मला आयती मिळाली. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पाउल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी १९९०च्या दशकात 'प्राट' नावाची आज्ञावली तयार केली. डच भाषेत या शब्दाचा अर्थ 'बोल'. जगभरचे भाषाशास्त्रज्ञ उच्चारांच्या अभ्यासासाठी ती वापरतात. तिचे अंतरंग सी आणि सी प्लस प्लसमध्ये आहे, आणि वापरणाऱ्यासाठी तिची स्वतःची एक छोटी भाषाही आहे. ही छोटी भाषा प्राटच्या बाहेर कुठेच चालत नाही. २०१८ मध्ये ब्रसेल्सच्या यानिक जादूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राटचे अंतरंग पायथनला जोडणारा दुवा प्रसिद्ध केला, आणि त्याला 'पार्सलमाउथ' हे नाव दिले. हॅरी पॉटरच्या गोष्टी वाचलेल्यांना सापांशी बोलणारे ते पात्र आठवेल. पायथन म्हणजे अजगर, त्याच्याशी बोलतो तो पार्सलमाउथ! (खरे तर पायथन हे नाव अजगरावरून नव्हे, इंग्लंडातल्या एका विनोदी मंडळीच्या नावावरून पडले आहे. असो.) माझी बाजू जेमतेम वीस ओळींची: फाइल उघड, कंपनसंख्या काढ, आलेख काढ. खालची हमाली प्राट करतो.

आता सांध्याकडे येऊ. एका भाषेतून दुसरीत जाण्याला दर वेळी काही खर्च येतो. आकडे पोचवायचे, त्यांचा प्रकार तपासायचा, उत्तर माघारी आणायचे. आपल्याकडच्या बायका पहाटेच्या लोकलने फुले आणि भाजी दादरला नेतात. कुणी एकेक फूल घेऊन दादरला खेप घालत नाही; पाटी भरते, मग गाडी पकडतात. सांध्याचेही असेच. पायथनने एकेक आकडा उचलून सी प्लस प्लसकडे नेला तर ७९ लाख खेपा होतील आणि सगळा वेळ प्रवासातच जाईल. तेवढ्यापुरते सी प्लस प्लस किती वेगवान आहे याला काही अर्थ उरत नाही. पूर्ण गाण्याची पाटी एकदाच हवाली केली तर प्रवासाचा खर्च नगण्य होतो. कित्येकदा पाटी उचलायचीही गरज नसते. पायथनमध्ये 'नमपाय' नावाचा आकड्यांचा संच असतो. त्यात आकडे सी भाषेला समजतील असेच एकापुढे एक मांडलेले असतात, त्यामुळे पायथनने केवळ 'अमुक जागेपासून अमुक इतके आकडे' एवढा पत्ता सांगितला तरी काम भागते.

पण पत्त्याबरोबर मांडणीही सांगावी लागते. दोन कानांसाठी भरलेल्या आवाजात फाइलमध्ये आकडे डावा, उजवा, डावा, उजवा असे आळीपाळीने असतात. काही आज्ञावल्यांना मात्र आधी सगळे डावे आणि मग सगळे उजवे हवे असतात. दोघींनी आपापली मांडणी गृहीत धरली तर कुणीच चूक दाखवत नाही. आकडे सगळे पोचतात, एकही हरवत नाही, आणि तरीही ऐकू येतो तो आवाज मूळचा नसतो. याच जातीचा एक जुना घोळ फोर्ट्रान आणि सी यांच्यात आहे: आकड्यांचा तक्ता फोर्ट्रान उभ्या स्तंभांनी साठवते, सी आडव्या ओळींनी. चुकीचे उत्तर शुद्ध आकड्यांत येते, म्हणून ते पटकन ओळखू येत नाही.

आजीच्या फितीत मला खरा उपयोग झाला तो एका शंकेपायी. रेषा निघाली तेव्हा घसरणे तर स्पष्ट दिसलेच. ओळीच्या शेवटी आवाज पायरीने न उतरता ओहोळासारखा उतरतो. पण आणखी एक गोष्ट दिसली. सुरुवातीला २१० हर्ट्झच्या आसपास असलेला आधारस्वर शेवटच्या कडव्यात २२३च्या जवळ गेला होता, म्हणजे पेटीवरची जवळजवळ एक पट्टी. साथीला वाद्य नसताना बायका मिळून गाऊ लागल्या की स्वर चढत जाऊ शकतो. पण दुसराही संभव होता. भरताना टेपरेकॉर्डर सेलवर चालत असेल आणि सेल उतरत गेले असतील, तर फीत हळूहळू मंद सरकली असणार. अशी फीत नंतर नेहमीच्या वेगाने वाजवली की आवाज चढलेला ऐकू येतो. चढला तो आजीचा स्वर की उतरले ते सेल?

याचे उत्तर मांडवातल्या विजेने दिले. आपल्याकडचा वीजप्रवाह ५० हर्ट्झचा. लाउडस्पीकरची आणि दिव्यांची ५० आणि १०० हर्ट्झची गुणगुण मागे बारीक भरली गेली होती. फीत जर मंद सरकली असेल तर वाजवताना गाण्याबरोबर ही गुणगुणही चढायला हवी, १००ची १०६ व्हायला हवी. (मी वाजवताना टेपरेकॉर्डरला नवे सेल घातले होते आणि लॅपटॉपची तार काढून ठेवली होती, नाहीतर आमच्या घरातल्या विजेची गुणगुण तीत मिसळली असती.) गुणगुण शोधायला प्राटची रीत चालत नाही, कारण तिचा तुकडा फार लहान. इथे दहा सेकंदांचा तुकडा लागतो. तेवढा घेतला की एक दशांश हर्ट्झचा फरकही वेगळा दिसतो. हे काम नमपायमधल्या फूरिए रीतीने केले. तिचे अंतरंग पुन्हा सी भाषेच्या घराण्यातले. म्हणजे एकाच आकड्यांच्या यादीवर एका बाजूने प्राट, दुसऱ्या बाजूने नमपाय, आणि दोन्ही उत्तरे एका कागदावर शेजारी मांडणारी माझी मोडकीतोडकी पायथन. गुणगुणीची रेषा पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ निघाली. चढला होता तो बायकांचा स्वर. आजीला सांगितले तर ती म्हणाली, "मग, वरमाय आली असंल मांडवात." हा पुरावा मी प्रकल्पात घातलेला नाही.

आतापर्यंतचे काम सावकाशीचे होते; उत्तर दोन सेकंदांनी आले तरी बिघडत नाही. जिवंत वाजणाऱ्या आवाजावर काम करायचे तर मामला कडक होतो. संगणकाचे ध्वनियंत्र ठरावीक वेळाने आकड्यांचा नवा गठ्ठा मागते. गठ्ठा ५१२ आकड्यांचा असेल तर दर साडेअकरा सहस्रांश सेकंदांनी मागणी येते. एकदा जरी उशीर झाला तरी कानाला 'टक्' असा खटका ऐकू येतो. पायथनसारख्या भाषा मधूनच थांबून स्मरणातला केरकचरा काढतात, आणि तो केव्हा काढतील याचा नेम नसतो. म्हणून अशा ठिकाणी गठ्ठा भरणारा भाग सी किंवा सी प्लस प्लसमध्येच ठेवतात आणि सोप्या भाषेला दाराबाहेर उभे करतात. जेम्स मॅकार्टनी यांच्या 'सुपरकोलायडर'ची आजची रचना अशीच आहे: आवाज निर्माण करणारी आज्ञावली वेगळी, संगीतकार जिच्यात लिहितो ती भाषा वेगळी, आणि दोघींमध्ये निरोपांची देवघेव. निरोपाला उशीर झाला तर फार तर पुढचा स्वर उशिरा लागतो; चालू आवाज तुटत नाही. हा सांधा मला जास्त शहाणपणाचा वाटतो, पण सगळीकडे तो परवडत नाही.

अशी सरमिसळ आजकालची नव्हे. मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ साली बेल प्रयोगशाळेत संगणकाकडून आज्ञावलीने संगीत वाजवून घेतले. ते १७ सेकंदांचे होते. त्यांच्या 'म्यूझिक' मालिकेतली पाचवी आज्ञावली, १९६०च्या दशकातली, फोर्ट्रानमध्ये होती, आणि सर्वांत आतला, लक्षावधी वेळा फिरणारा भाग यंत्रभाषेत लिहिण्याची सोय होती. तेव्हाही वाटणी तीच. याहून गमतीची गोष्ट 'एफएफटीडब्ल्यू' या आज्ञावलीसंग्रहाची. मासाच्युसेट्सच्या एमआयटीतल्या फ्रिगो आणि जॉन्सन यांनी १९९७ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यातला सी भाषेतला कळीचा भाग माणसाने लिहिलेलाच नाही. कॅमल नावाच्या, गणिताला जवळच्या भाषेतल्या एका आज्ञावलीने तो लिहून काढला आहे. एका भाषेने दुसरीत लिहिलेली ही संहिता माणसाने हाताने लिहिलेल्या पुष्कळ संहितांपेक्षा वेगवान ठरली.

आपल्या जवळ, चर्चगेटला उतरून चालत जाता येईल अशा नरिमन पॉइंटच्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रात, म्हणजे एनसीपीएत, १९८०च्या दशकापासून रागसंगीतातल्या स्वरांच्या हालचालीचे यंत्राने आलेख काढण्याचे काम झाले आहे. पुढे तिथल्या सुवर्णलता राव आणि ॲम्स्टरडॅम विद्यापीठाचे विम व्हॅन डर मेर यांनी 'ऑट्रिम' या प्रकल्पात प्राट वापरूनच गायकांच्या स्वररेषा काढल्या. गाणे चालू असताना पडद्यावर रेषेवरून खूण सरकत जाते. पेटीच्या पट्ट्यांत न बसणाऱ्या मींडीसाठी त्यांनी जी वाट धरली, तीच आजीच्या घसरण्यालाही लागू पडली. त्या कामातले एक मूळचे संशोधक बर्नार्ड बेल हे फ्रेंच गृहस्थ. त्यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी जेम्स किपेन यांच्याबरोबर लखनौ घराण्याच्या तबल्यातल्या कायद्यांसाठी 'बोल प्रोसेसर' तयार केला. त्याची आजची आवृत्ती म्हणजे भाषांचे संमेलनच: गणित करणारे अंतरंग सीमध्ये, समोर दिसणारी पाने पीएचपी या भाषेत, आणि प्रत्यक्ष आवाज हवा असेल तर तो 'सीसाउंड' या आणखी एका संगीतभाषेसाठी मजकूर लिहून देतो. शिवाय तबल्याच्या बोलांचे व्याकरण आपण लिहायचे ते बोल प्रोसेसरच्या स्वतःच्या लिपीत! हेच बेल १९९०च्या दशकात हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या कामात सामील झाले. एक लाखाहून अधिक ओव्यांचा तो संग्रह आता 'पारी'च्या संकेतस्थळावर वाचता येतो, आणि त्यातल्या कित्येक ओव्या बायकांच्या आवाजात ऐकता येतात.

भाषा जोडल्या की सोय होते तशी अडचणही होते. पायथनची नवी आवृत्ती आली आणि दुवा जुनाच राहिला, तर दोन्ही टोके शाबूत असून काम थांबते. चूक कुठे झाली याचा निरोपही कधी एका भाषेत सुरू होऊन दुसरीत संपतो. म्हणून रेषा काढून झाली की तिचे आकडे साध्या मजकुराच्या फाइलीत, एका ओळीत वेळ आणि कंपनसंख्या असे, वेगळे ठेवून द्यावेत. ते वाचायला कोणतीही भाषा चालते.

ज्यांच्या घरी अशा फिती पडून असतील त्यांनी वाजवण्यापूर्वी फीत पेन्सिलीने एकदा घट्ट करून घ्यावी. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून तार काढून लॅपटॉपला जोडावी, आणि आवाज एमपी३मध्ये न भरता डब्ल्यूएव्ही फाइलीत भरावा, कारण एमपी३ जागा वाचवण्यासाठी बारीक आवाज गाळते आणि विजेची गुणगुण त्यातच जाण्याचा संभव असतो. प्राट, पायथन आणि पार्सलमाउथ तिन्ही विनामूल्य मिळतात. बायकांचे गाणे असेल तर शोधाची वरची मर्यादा ५०० हर्ट्झवरून ६०० किंवा ७०० करावी, नाहीतर उंच स्वर रेषेतून निसटतात. माझ्या वीस ओळी हव्या असतील त्यांनी मला वर्गात गाठावे. फितीची दुसरी बाजू अजून व्हायची आहे.